परतीची लाट

अरेसिफेसच्या बाहेर, जुनं रेल्वे फाटक ओलांडल्यावर
पत्र्याच्या शेडमध्ये एवारिस्तो पाल्यारो नळ्या वाकवतो.
डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही.
तो कान मोटारींना दिला, म्हणतो,
उजवा बायकोसाठी राखून ठेवलाय.
बायको हसत नाही. येर्बाचा कडू चहा पुढे सरकवते.

मी अकरा महिने त्याच्याकडे. टॉर्चला हात लावायचा नाही.
माझ्या वाट्याला वाळू:
चाळायची, तव्यावर कोरडी करायची, नळीत ठासायची,
म्हणजे तापवून वाकवताना नळीचं पोट खपाटीला जात नाही.
ओली राहिली तर वाफ होते, बूच बंदुकीसारखं उडतं.
छपराला एक भोक आहे,
माझ्या आधीच्या पोराची तेवढीच आठवण.

मार्चमध्ये उलिसेस मार्केत्तो गाडी घेऊन आला.
आखूड पाहिजेत, म्हणाला, आणि जाड.
ब्वेनोस आइरेसला सगळे तशाच लावतात.
एवारिस्तोने खडू घेतला, भिंतीवर एक रेघ ओढली.

हे बघ. झडप उघडते,
जळलेला वायू शाळा सुटल्यासारखा सुटतो,
त्याच्याही पुढे धावते दाबाची लाट.
नळी संपते, चार वाटा एक होतात,
तिथे एकदम ऐसपैस. लाट बिचकते,
उलटी होते, आल्या वाटेने माघारी फिरते.
जाताना ढकलत गेलेली
येताना ओढत येते.
दार लागायच्या आत पोचली
तर कोपऱ्यातला उरलासुरला धूर खेचून काढते,
पलीकडच्या झडपेतून नवा श्वास आत बोलावते.
चुकली वेळ, तर तू नुसतं पेट्रोल जाळतोस
आणि गावाची झोप मोडतोस.

आखूड नळी घाईच्या इंजिनाची. सात हजारांवर धाव घेईल.
पण तू मातीवर पळतोस, उलिसेस,
तुझा जीव अडकतो वळणातून निघताना,
चार हजारांवर.
तिथे लाट उशिरा हवी, म्हणून वाट लांब हवी.
आणि जाडीचं म्हणशील,
तर पात्र पसरलं की पाराना नदीसुद्धा रेंगाळते.

चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. चारही.
जी दाराशीच आहे तिनेही लांबचा फेरा घ्यायचा,
लाडकी कुणी नाही.

एक झाली, चार झाली, तीन कुरकुरत झाली.
दोन नंबरच्या आड स्टिअरिंगचा दांडा.
तीन दिवस एवारिस्तो चाकाखाली पडून
सांतांना नावाने हाका मारत होता, आदराने नव्हे.
चौथ्या रात्री मी तार वाकवत बसले:
पहिलीच्या वरून, तिसरीच्या खालून,
दांड्याला बगल देऊन, शेवटी अंग चोरून.
सकाळी त्याने तार मोजली. पुन्हा मोजली.
तीन मिलिमीटर कमी.
काही बोलला नाही.
टॉर्च माझ्या हातात दिला.

माझा सांधा जाड आला, जांभळा,
बाकीचे गव्हाळ सोनेरी, त्यांच्यात उपरा.
यंत्रावर चढवली तेव्हा वरची ताकद
आधीपेक्षा चार घोड्यांनी घटलेली.
उलिसेसने कागदाची घडी केली, खिशात घातली,
आणि पैसे रविवारनंतर, म्हणाला.

रविवारी धूळ इतकी
की गाड्या दिसायच्या आधी ऐकू यायच्या.
पाण्याच्या टाकीपाशी वळणातून निघताना
दरवेळी तो कुणाला तरी मागे टाकायचा,
सरळ रस्त्यावर कुणीतरी त्याला गाठायचं.
आला चौथा. गेल्या वर्षी नववा होता.
लोकांना सांगत सुटला, टायर चांगले होते.

पैसे दिले, तेही सुट्ट्या नोटांत.
गाडी अजून सुरूच होती.
एवारिस्तो वाकला, उजवा कान नळ्यांकडे केला,
डोळे मिटले.
मग माझ्याकडे बघून म्हणाला,
"दोन नंबर, निदिया. तीन मिलिमीटर."

खरंच ऐकू आलं की थट्टा केली,
कळलं नाही.
सोमवारी मी वाळू चाळायला बसले.